वाचून दाखवलं, असं लिहिलेलं होतं

"ऊठ. ती खुर्ची स्टाफची हाय."

सेक्रेटरी साहेब मान वर न करता म्हणाले. मोबाईलमध्ये बघत होते. माझ्या उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं, काखेत कुबडी. एसटी स्टँडपासून चालत आलते, भर दुपारी, आणि ऑफिसच्या दारातली पहिली रिकामी खुर्ची दिसली तिच्यावर टेकले. विचारून टेकायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं त्या ऑफिसात येत-जात होते, पण बसले कधीच नव्हते.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणत असतील. मागं वळून बघितलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर चेअरमन साहेबांचा हार घातलेला फोटो. माणूस जिवंत आहे चांगला, पण फोटोला हार रोजचा ताजा. त्या साली आमच्या गावात प्यायला पाणी नव्हतं, पण त्या फोटोचा हार काही चुकला नाही.

"तुलाच म्हणतोय. ऊठ."

"साहेब, पाय..."

"पाय दिसतोय मला. खुर्ची स्टाफची हाय. तू स्टाफ न्हाईस."

मी उठले. उठताना कुबडी निसटली आणि लांब जाऊन पडली. मला वाकता येईना. शिपाई बघत होता, टेबलावरचे दोन क्लार्क बघत होते. सगळे मला ताई म्हणायचे. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटं चाटून खायचे. एकजण हलला नाही. मी भिंतीला हात लावून एका पायावर उभी राहिले.

रडू नाही आलं. लाज आली. आणि लाज त्यांची नाही आली, माझीच आली. आपण बसलोच कशाला, असं वाटलं. हे आज लिहिताना मला त्या खुर्चीपेक्षा जास्त झोंबतंय.

मी एका चिठ्ठीसाठी गेलते. त्यात एकच ओळ पाहिजे होती: 'कामावर असताना अपघात झाला.' लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. हाड वाकडं जुळलं होतं. परत मोडून बसवायचं, मग सहा महिने अंथरुणावर. ती ओळ मिळाली असती तर भरपाई मागता येणार होती, सहा महिने मी आणि माझी माय जगलो असतो. नाही मिळाली तर पाय असाच.

आता माझं काम काय होतं ते सांगते.

आमच्याकडं दसऱ्याच्या आधी साखर कारखान्यांचे ऊसतोडीचे कागद गावात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. माझी माय अर्धा कोयता. बाप मी लहान असतानाच गेला, ताप अंगावर काढून. तर, प्रत्येक कोयत्याचा करारनामा व्हायचा, स्टँपपेपरवर. कारखाना सहकारी, पण ऊस तोडायचं काम कारखान्याचं नाही म्हणे. त्याला एक वेगळी संस्था काढलेली. कारखाना तिकडं खाली, लांब, आणि संस्थेचं हे ऑफिस आमच्या तालुक्याला. चेअरमन दोन्हीकडं तेच. सेक्रेटरी त्यांचा भाचा.

मी त्या संस्थेची सही-प्रतिनिधी. कागदाची पिशवी घ्यायची, स्कुटीवर गावोगाव जायचं, माणसांचे अंगठे घ्यायचे, खाली ओळखदार म्हणून आपली सही करायची. मग गठ्ठा तहसीलपुढं नेऊन नोटरी वकिलाकडं द्यायचा. वकीलसाहेब पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. ते शिक्का मारायचे, त्यावर लिहिलेलं असायचं, 'माझ्यासमक्ष'. त्यांच्या समक्ष कुणीच नसायचं. माणसं गावात आणि वकील तालुक्याला. समक्ष असायचे ती मी एकटी.

सकाळी नऊला ऑफिसात हजेरी. गळ्यात संस्थेचं कार्ड. कोणत्या दिवशी कोणतं गाव, ते सेक्रेटरी ठरवणार. रजा विचारून. चेअरमनच्या सभेला पिवळी साडी नेसून पहिल्या रांगेत उभं राहायचं, साडीसुद्धा त्यांनीच ठरवलेली. एकदा मी निळी नेसून गेले तर घरी परत पाठवली होती.

पहिल्यांदा आमच्या गावात कागद घेऊन गेले तो दिवस मला आठवतो. मी अंबाजोगाईला मावशीकडं राहून बारावी झालेली, आमच्या आळीतली पहिली पोरगी. म्हातारी माणसं म्हणाली, "आता आपलीच पोर आली बाबा, आता काय भ्या न्हाई." मायनं पहिला अंगठा दिला. दरसाल तीच पहिली. माझ्या कामाची भवानी तिच्या हातानं व्हावी असं तिला वाटायचं. अंगठा उठवला की शाई केसाला पुसायची. आमच्याकडं सगळ्या बायका तसंच करतात. लुगड्याला पुसली तर डाग राहतो, केसात दिसत नाही.

तोडणीवाल्यांचा अंगठा नीट उठत नाही. कोयत्यानं आणि उसाच्या कुसानं रेघा झिजून गेलेल्या असतात. कागदावर नुसता जांभळा ठिपका पडतो. मी त्यांचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरायची, आधी तेलानं चोळायची, पुसायची, मग शाईवर टेकवून कडेनं कडेनं फिरवायची. लई कला होती माझ्या हाताला. वकीलसाहेब म्हणायचे, "तुझे अंगठे एकदम साफ असतात." मला त्याचा अभिमान वाटायचा.

प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ छापलेली असायची: 'वरील मजकूर लिहून देणार यांस वाचून दाखविला, तो त्यांना समजला व मान्य आहे.' त्या ओळीखाली अंगठा. अंगठ्याच्या बाजूला माझी सही.

मी कधी वाचून दाखवलं नाही.

कुणीच दाखवत नाही. माझ्या आधीचा नाही, इतर कारखान्यांचे नाहीत. पहिल्या आठवड्यात मी सेक्रेटरींना विचारलं होतं, वाचायचं का? ते हसले. "वाचत बसलीस तर दिवाळी होईल. एका दिवसात तीन गावं करायची हायेत." आणि माणसंही विचारायची नाहीत. येऊन उकिडवी बसायची, अंगठा पुढं. "कुठं ठिवू?" एवढंच. मी पहिल्या पानावरचं नाव बरोबर आहे का बघायची आणि शेवटचं पान काढायची. मधली पानं मीसुद्धा वाचली नव्हती. खोटं कशाला बोलू.

जिजानं मात्र विचारलं होतं.

जिजा आणि मी एका वयाच्या. उसाच्या फडावर आमच्या कोप्या शेजारीशेजारी असायच्या, पाचटावर एका वाकळेत झोपायचो. तिला लहान भाऊ सांभाळायचा होता म्हणून तिची शाळा सुटली. मला मागं कुणी नव्हतं म्हणून माझी राहिली. एवढाच फरक आहे आमच्यात, दुसरा काही नाही. तिचं लग्न गावातच झालं, भागवतशी. मी कागद घेऊन गेले तेव्हा तिनं अंगठा पुढं केला आणि हसत म्हणली, "काय लिवलंय गं मधी एवढं?"

मी म्हणलं, "नेहमीचंच."

तिनं अंगठा दिला आणि केसाला पुसला.

त्या साली संक्रांतीच्या आसपास भागवत उसाच्या ट्रॉलीखाली गेला. भरलेली ट्रॉली होती, बांधावरून कलंडली. जिजा तिथंच मोळ्या बांधत होती, दहा पावलांवर.

ती परत आली ती कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्या दारात. कपाळ रिकामं. म्हणली, "कारखान्यात गेले तर म्हणत्यात संस्थेकडं जा. तुज्या हापिसात तू इच्यार." मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "कागदात काय लिहिलंय ते वाच की." मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी राहून तिसरं पान पहिल्यांदा वाचलं.

'लिहून देणार हे स्वतंत्र ठेकेदार असून ते संस्थेचे अथवा कारखान्याचे कामगार नाहीत. काम करताना इजा अथवा मृत्यू झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी लिहून देणार यांची राहील.'

मी दोनदा वाचलं. तिथंच मी आत जाऊन तो कागद सेक्रेटरींच्या टेबलावर आपटायला पाहिजे होता. नाही आपटला. स्कुटी काढली, गावाला गेले, जिजाच्या दारात उभी राहिले आणि तिला म्हणलं, "अगं, कागदावर तसंच हाय. तुमी ठेकेदार धरलेत. कामगार असता तर भरपाई असती."

"ठेकेदार कोण?"

"भागवत. आन तू."

तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. "मला धड दोन लुगडी न्हाईत आन मी ठेकेदार?"

मी स्कुटीची किल्ली बोटात फिरवत राहिले.

"तू तर नेहमीचंच हाय म्हणलतीस."

आणि मी काय बोलले ते ऐका. मी म्हणले, "मग मी काय करू? अंगठा तुझा हाय."

हे माझे शब्द. सेक्रेटरीचे नाहीत. माझ्या तोंडून, माझ्या जिभेनं. जिजा आत गेली आणि दार लावलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, पाण्याला गेली तरी तोंड फिरवायची. आणि मी दुसऱ्या दिवशी नऊला हजेरीला गेले. पोट होतं, घर होतं, ही कारणं मला तोंडपाठ होती. आज ती कुणाला सांगायची इच्छा नाही.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. उन्हाळ्यातल्या चारा छावण्या श्रावणातही उठल्या नाहीत. गावं तिथंच राहायला गेली, जनावरांजवळ. ऊसही कमी होता, म्हणून कारखान्याला कोयते कमी पाहिजे होते. माणसं वेड्यासारखी नाव लागावं म्हणून मागं लागलेली. सेक्रेटरींचा रोज फोन, आज हे गाव कर, आज ते गाव कर.

वडवणीकडच्या एका गावाला निघाले होते. वाटेत वळणावर पाण्याचा टँकर उभा राहून गेलेला, मुरमावर पाणी सांडलेलं. प्यायला थेंब नाही त्या साली मी पाण्यावर घसरले. स्कुटी पायावर आली. कड्कन आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. बायका घागरी टाकून पळत आल्या. आणि मी काय ओरडत होते? "माझी पिशवी बघा! कागद भिजू देऊ नका!" एका म्हाताऱ्यानं कागद गोळा केले, आपल्या धोतराला पुसले, मग मला उचललं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ऑफिसचा माणूस आला. मी उठून बसायला लागले. वाटलं, विचारपूस करायला आलाय. तो म्हणाला, "पिशवी कुठंय?" तिथंच कॉटवर माझ्या पायापाशी कागद एकेक बघितले. "एक भिजलाय," म्हणाला आणि गेला.

डॉक्टर म्हणाले होते, दीड महिना पाय टेकायचा नाही. पंधराव्या दिवशी सेक्रेटरींचा फोन, दोन गावं तुझ्याशिवाय अंगठे देईनात, रिक्षा पाठवतो. मी गेले. पाय टेकवला. एकदा नाही, चार दिवस टेकवला. म्हणून हाड वाकडं जुळलं. डॉक्टर बिचारे माझ्यावर ओरडले. बरोबरच होतं त्यांचं.

तर मी त्या चिठ्ठीसाठी ऑफिसात एका पायावर उभी होते.

"साहेब, एक ओळ लिहून द्या. कामावर असताना..."

सेक्रेटरींनी कपाटातून एक फाईल काढली, त्यातला कागद काढला आणि टेबलावर टाकला. माझाच करारनामा. चार वर्षांपूर्वीचा.

"तिसरं पान वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. 'सदर प्रतिनिधी हे स्वतंत्र व्यावसायिक असून ते संस्थेचे नोकर अथवा कामगार नाहीत. काम करताना इजा अथवा मृत्यू झाल्यास...' तीच ओळ. ठेकेदारच्या जागी व्यावसायिक, बाकी काना-मात्रा तोच.

"शेवटचं पान."

'वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो मला समजला व मान्य आहे.' खाली माझी सही. वळणदार, शेवटी रेघ ओढलेली. पहिल्या नोकरीच्या आनंदात केलेली.

"बारावी हायेस ना? वाचता येतं ना?" सेक्रेटरी क्लार्ककडं बघून म्हणाले. क्लार्क हसले. "आन सही तुझीच हाय ना? मग आमी काय करू?"

अरे देवा. तेच शब्द. जिजाच्या दारात मी बोललेलेच. मला वाटलं कुणीतरी माझा आवाज माझ्याच कानात ओततंय. पायाचं दुखणं त्या घडीला कळेना झालं.

मी म्हणले, "मी नऊला येते, साहेब. विचारून रजा घेते. तुमी सांगाल ती साडी नेसते. मग स्वतंत्र कशी?"

"कागदावर हायेस."

मग ते जरा मऊ झाले. माणसाला गरज असली की असं मऊ व्हायची त्यांची रीत मी लई बघितलीय. म्हणाले, अर्ज दे. माणुसकीच्या नात्यानं मदत मिळावी म्हणून. कामावर असताना वगैरे शब्द घालू नको. चेअरमन साहेब लई मोठ्या मनाचे हायेत, एखाद्या कार्यक्रमात तुला बोलावून देतील, फोटो काढू. "आन तेवढं तुझ्या गावचं राहिलंय. तुझ्या गावचे लोक दुसऱ्याला अंगठे देईनात. ते घेऊन ये, मग तुझं बघू."

नव्या छापलेल्या कागदांचा गठ्ठा त्यांनी माझ्या हातात दिला. मी घेतला. हो, घेतला. कुबडी शिपायानं उचलून दिली, आता कुठं त्याला दिसली.

बाहेर पडून वकीलसाहेबांच्या शेडमध्ये बसले. त्यांनी बाकडं झाडून दिलं, माठातलं पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. म्हातारा माणूस, कोट उसवलेला. म्हणाले, "मी तरी कोण लागून गेलोय, पोरी? शिक्का माझा, गठ्ठा त्यांचा. उद्या काय झालं तर म्हणतील नोटरी जाणे. कायदा सगळा एकाच गोष्टीवर उभा हाय बघ, राबणाऱ्याला कामगार म्हणायचं का न्हाई. आन ते ठरवतोय कागद. कागद लिहितोय मालक." मग जरा थांबून म्हणाले, "निदान त्यांना वाचून तरी दाखवायचं होतंस." आणि स्वतःच खाली बघायला लागले, कारण 'समक्ष'चा शिक्का त्यांच्यासमोर पडलेला होता.

दोन दिवसांनी छावणीवर गेले. सकाळची वेळ. हिरव्या जाळीखाली म्हशी बांधलेल्या, चाऱ्याची गाडी यायची होती. माणसं माझी वाटच बघत होती. पालथ्या टोपल्यावर मी पॅड ठेवलं, कागद काढले. मला बाजेवर बसवलं, पायाखाली गोधडी दिली. मायनं आधीच अंगठा पॅडवर टेकवून माझ्यापुढं धरला. जांभळा. त्या अंगठ्याला आता रेघच राहिली नव्हती. मी तो दोन बोटांत धरला.

जिजा मागं उभी होती, म्हशीच्या आडोशाला. एवढ्या महिन्यांनी तिनं माझ्याकडं बघितलं. "वाच की," म्हणली. "यंदा तरी वाच."

कुणीतरी म्हणलं, "गप गं जिजे, पोरगीला तरास हाय पायाला." कुणी हसलं. माझ्या बोटांत मायचा अंगठा तसाच.

मी तो सोडला. कागद उचलला. पहिल्या पानापासून वाचायला लागले. मोठ्यानं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. माणसं चुळबुळ करायला लागली, चाऱ्याची गाडी आली तरी कुणी उठलं नाही. तिसरं पान वाचलं. स्वतंत्र ठेकेदार. कामगार नाहीत. इजा अथवा मृत्यू. मग तेच साध्या बोलीत सांगितलं: ट्रॉली अंगावर आली तर कारखाना म्हणणार तुम्ही आमचे नाहीत. मग शेवटची ओळ. वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.

"ह्ये दरसाल असतंय?" मायनं विचारलं.

"चार वर्षं मीच घेतेय. त्याच्या आदीबी असंल."

"आन तू वाचलं न्हाईस."

"न्हाई, माय."

"जिजाच्या कागदातबी हेच?"

"हेच. मी नेहमीचंच म्हणले तिला."

मायच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नव्हती. मग तिनं अंगठा केसाला पुसला. कागदाला न लावताच. मी आयुष्यात पहिल्यांदा तसं बघितलं, शाई पॅडवरून सरळ केसात.

तिच्यामागं आणखी चार-पाच बायकांनी पुसला.

पण सगळं चांगलं झालं असं समजू नका. एक म्हातारा माझ्यावर तडकला. "वाचलं कावून तू? न वाचता गेलो असतो तर पोट तरी भरलं असतं! आता दुसरं गाव जाईल की!" तो खोटं बोलत नव्हता. माणसांनी म्हणलं, ती ओळ खोडून आण, मग अंगठे देतो. मी ऑफिसात गेले. दारातली तीच खुर्ची रिकामी होती. बसले. गठ्ठा कोरा मांडीवर.

सेक्रेटरी म्हणाले, "ऊठ."

मी म्हणले, "न्हाई."

"ऊठ म्हणतो ना बे!" बाईमाणसाला बे म्हणाले, एवढे तापले होते.

"न्हाई. चार वर्षं उभी राहिले. तेवढं बसून घेते, मग जाते. ती ओळ खोडा, गाव अंगठे देतंय."

ओळ खोडली नाही. पोलिसाला बोलावतो म्हणाले, बोलावलं नाही. मी माझ्या मनानं बसले आणि माझ्या मनानं उठले. गळ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं. माणुसकीचा अर्ज लिहून नेला होता, खिशात म्हणजे पिशवीत, तो तिथंच फाडला. त्यासरशी पायही गेला, हे मला माहीत होतं.

आठ दिवसांत दुसऱ्या एका प्रतिनिधीनं छावणीवर येऊन अंगठे नेले. तोच कागद, तीच ओळ. दुष्काळात माणूस किती दिवस नाही म्हणणार? माय पण गेली. ट्रकमध्ये चढायच्या आधी मी तिचा हात धरला. केसात अजून जांभळं होतं. ती म्हणली, "वाच म्हणलं त्येला. आमी समद्यांनी म्हणलं, वाच. अडखळत वाचलं त्यानं. माझ्याकडं बघवंना त्येला." आणि गेली. अर्धा कोयता. ट्रक वळणावर जाईपर्यंत मी उभी होते. मग तिथंच बसून रडले, खुर्चीच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं.

आता मी तहसीलपुढं बसते, वकीलसाहेबांच्या शेडशेजारी. अर्ज लिहिते, कागद वाचून देते. दोन खुर्च्या आहेत, एक माझी आणि एक अंगठा देणाऱ्याची. वाचून झाल्याशिवाय मी शाईचं झाकण उघडत नाही. लोक कंटाळतात. कंटाळू द्या. पाय वाकडाच आहे, थंडीत ठणकतो. माझा दावा दाखल केलाय, मी कामगार की स्वतंत्र. तारखा पडतात.

जिजाचाही दावा आहे. समोरचे म्हणतात, कागद वाचून दाखवला होता, ओळखदाराची सही आहे. ती सही माझी. जिजाचा वकील मला म्हणाला, तुम्ही कोर्टात खरं बोललात तर तिची बाजू उभी राहील, पण तुम्ही खोट्या ओळीवर सही केली हे तुमच्याच तोंडून कबूल होईल. तुमच्यावर केस होऊ शकते. तुमचा स्वतःचा दावाही लंगडा पडेल. विचार करा. वकीलसाहेबही म्हणाले, विचार कर. ते स्वतः साक्षीला येणार नाहीत.

विचार जिजाच्या दारात करायचा होता. तेव्हा केला नाही.

जिजा माझ्याशी अजून बोलत नाही. मी साक्ष दिली तरी बोलेल असं नाही, आणि त्यासाठी मी देतही नाही. सोमवारी बीडला तारीख आहे. सकाळच्या एसटीनं जाणार आहे. पिंजऱ्यात उभं राहायला लावतील. पाय दुखेल, राहीन उभी. तो कागद माझ्यापुढं धरतील आणि विचारतील, ही सही तुमची? मी म्हणेन, माझी. हा अंगठा तुमच्यासमोर दिला? हो, मीच तिचं बोट धरलं होतं. मजकूर वाचून दाखवला होता?

न्हाई.